रविवारी तुझा सत्कार केला, रघू

रघू, आज नववा दिवस, आणि माझ्यासाठी अजून बुधवार संपलेला नाही.

मंगळवारी संध्याकाळी तू मला रानशेतच्या स्टॉपवर उतरवलंस. घंटीची दोरी ओढायच्या आधी दारातून वाकून विचारलंस, "सिस्टर, पेटी घेतली ना?" मी मागे न बघताच हात हलवला. अकरा वर्षं तू हेच विचारत होतास आणि अकरा वर्षं मी असाच हात हलवत होते. निदान त्या दिवशी तरी मान वळवून बघायला काय झालं होतं मला?

भेटायला येणारे सगळे मलाच विचारतात. मी शेजारीण, त्यातून नर्स. "नक्की झालं काय हो?" मी सांगते, हार्ट अटॅक. मग ते विचारतात, "आधी काही दुखत होतं का त्याला?" इथे मी गप्प होते. कोणी पाणी मागितलं, कोणी हाक मारली असं दाखवून उठून जाते. हे लिहायला बसले ती त्या गप्प बसण्यामुळे. पण लगेच त्यावर येत नाही. आधी थोडं तुझ्याशी बोलू दे.

मी वाणगावची. इकडच्या उपकेंद्रात बदली झाली तेव्हा तुमच्या घराशेजारची खोली भाड्याने घेतली. तुझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, म्हणून घरी तू मला ताई म्हणायचास. गाडीत मात्र सिस्टर. "ड्युटीवर नातेवाईक नसतात," असं तू पहिल्याच आठवड्यात ऐकवलंस आणि दुसऱ्या क्षणी मागच्या बाकावरच्या म्हातारीला आजी म्हणून तिची मिरच्यांची टोपली स्वतः आत घेतलीस. मी म्हटलं, ही कोण मग? तू म्हणालास, "ही पॅसेंजर आहे. पॅसेंजर सगळे नातेवाईकच."

डहाणूहून निघालेली तलासरीची गाडी सकाळी रानशेतला यायची. मी खांद्याला लसींची निळी पेटी अडकवून चढायचे, आणि तू गाडीभर ऐकू जाईल असं ओरडायचास, "डोसवाली बाई आली! ज्यांची बाळं आहेत त्यांनी आत्ताच रडून घ्या!" मला पहिले काही महिने हे अजिबात आवडायचं नाही. सकाळी सकाळी इतकं हसायला या माणसाला झालंय तरी काय, असं वाटायचं. एकदा मी विचारलंसुद्धा, "तुला कधी राग येत नाही का रे?" तू म्हणालास, "येतो ना. सगळा घरी नेतो. मंजूला विचारा." मी खरंच मंजूला विचारलं. ती म्हणाली, "घरी आल्यावर तासभर त्याच्याशी कोणी बोलायचं नाय. भिंतीकडे तोंड करून बसतो." तेव्हा कुठे मला तू थोडासा खरा वाटायला लागलास.

आणि मग तो पेटीचा दिवस. आदल्या रात्री मी एका बाळंतिणीपाशी अडकले होते, झोप झाली नव्हती. गाडीत डोळा लागला, माझा थांबा आला तशी दचकून उतरले आणि पेटी आतच राहिली. गाडी गेली. समोर उपकेंद्राच्या ओट्यावर पंचवीस-तीस बायका बाळं घेऊन बसलेल्या. तासाभरात उलट दिशेची गाडी थांबली, आणि त्या अनोळखी कंडक्टरने पेटी दोन्ही हातांनी, पूजेचं ताट द्यावं तशी, माझ्या हातात दिली. म्हणाला, "रघूने सांगितलंय, उघडायची नाही, उन्हात ठेवायची नाही, आत बर्फ आहे. मांडीवर घेऊन आलोय." त्या दिवशी एकही बाळ परत गेलं नाही. माझ्या साहेबांना ही गोष्ट कधीच कळली नाही. गाडीतल्या लोकांनाही नाही. तू एवढा बोलका माणूस, पण ते एक तू कोणापाशी बोलला नाहीस. फक्त तेव्हापासून रोज उतरताना, पेटी घेतली ना.

आपलं भांडण मात्र राहिलंच. तू लांबून पळत येणाऱ्यासाठी गाडी थांबवायचास, आणि मी चिडायचे. "एका माणसासाठी पन्नास जणांनी का खोळंबायचं? उशीर झाला की माझ्याकडच्या बायका उन्हात बसतात." तू म्हणायचास, "सिस्टर, ती पळतेय ती काय हौसेने पळतेय का?" मग ड्रायव्हर मोरेमामांना विचारायचास, "मामा, तुमचं काय मत?" मोरेमामा म्हणायचे, "मला भांडणात घेऊ नका, मी रस्ता बघतोय." हे किती वेळा झालं असेल! सोमवारी मात्र तू अचानक म्हणालास, "तुमचं पण बरोबर आहे म्हणा. सगळ्यांसाठी थांबून चालत नाही." तू हरल्यासारखं बोललास याचं मला नवल वाटलं, आणि जिंकल्याचा आनंद मी चेहऱ्यावर दाखवलासुद्धा. तुला सांगायचं राहिलं की तोपर्यंत मी मनातून तुझ्या बाजूला आले होते. आता विचार करते, सोमवारी तू दमला होतास का? वाद घालायची ताकद नव्हती का तुझ्यात? हे मला आता सुचतंय.

सत्काराची कल्पना आपल्या पाड्यातल्या देवजीकाकांच्या सुनेची, सुरेखाची. पाड्यातल्या बायका कुठल्याशा साहेबाच्या निरोप समारंभाला तलासरीला गेल्या होत्या. परत येताना तुझ्याच गाडीत उभं राहून सुरेखा जोरात म्हणाली, "दोन तास उन्हात बसलो. त्या साहेबाला आमच्यातल्या एकीचं तरी नाव म्हायती व्हतं काय? हा रघूभाऊ बघा, याला माझ्या म्हशीचं पण नाव म्हायती हाय. याला कोण शाल देत नाय!" तू मागून ओरडलास, "कशी आहे गंगा म्हैस?" सगळी गाडी हसली, पण सुरेखाने ते डोक्यात धरलं. त्याच रात्री देवजीकाका माझ्याकडे आले. म्हणाले, "सिस्टर, या रविवारी करायचा. रघ्याला नाय सांगायचं, तो पळून जाईल."

तू पळूनच जाणार होतास. मंजूने तुला लग्नाची पत्रिका द्यायला कोणी आलंय असं खोटं सांगून आणलं. समाजमंदिरात शिरलास आणि समोर अख्खा पाडा बसलेला पाहून दारातच थांबलास. मी तुला असं कधी बघितलं नव्हतं. चेहरा उतरला होता, कोणाचं तरी वाईट झालंय असं तुला वाटलं होतं. देवजीकाकांनी हाताला धरून खुर्चीवर बसवलं. हार कोणीच आणला नव्हता. ज्याच्या घरी जे होतं ते त्याने आणलं. काकड्या, नागलीचं पीठ, सुकट, घोलवडला वाडीत कामाला जाणाऱ्या बायकांनी पाटीभर चिकू, आणि सुरेखाने एक जिवंत कोंबडी. ती तुझ्या मांडीवर ठेवली तेव्हा तिने पंख फडफडवले आणि तू खुर्चीसकट मागे सरकलास.

मग एकेक जण बोलला. एका बाईने सांगितलं, तिचा नवरा दारू पिऊन स्टॉपवर पडला होता तेव्हा तू त्याला उचलून पुढच्या सीटवर बसवलंस आणि घराच्या वळणावर उतरवलंस, आणि दुसऱ्या दिवशी त्याला काहीच बोलला नाहीस. एक मुलगी म्हणाली, "कॉलेजच्या पहिल्या दिवशी मी घाबरले होते, तेव्हा दादा म्हणाले, डहाणूला सगळे असेच घाबरून उतरतात, संध्याकाळी हसत चढतात." देवजीकाकांनी काहीच भाषण केलं नाही. काकूंच्या औषधाची रिकामी बाटली दाखवली, म्हणाले, "सात वर्षं हा आणतो," आणि खाली बसले.

मलाही बोलायला सांगितलं होतं. मी म्हटलं, आम्ही रोज भांडतो, अजून काय सांगू. लोक हसले. मी बसले. पेटीची गोष्ट माझ्या तोंडावर आली होती, पण माझी चूक चारचौघांत कशाला सांगायची, असं वाटलं.

शेवटी तुला उभं केलं. दिवसभर ज्याचं तोंड बंद नसतं तो माणूस कोंबडी काखेत धरून उभा, डोळ्यांत पाणी. मग म्हणालास, "पुढे सरका, जागा आहे." आणि खाली बसलास. इतक्या टाळ्या आपल्या पाड्यात मी कधी ऐकल्या नव्हत्या.

आता ते सांगते.

चहा-भजी चालली होती. मी मागच्या बाजूला हात धूत होते. तू आलास, कपाळावर घाम होता, पण गर्मी होती आणि सगळ्यांच्याच कपाळावर होता. म्हणालास, "ताई, काहीतरी द्या ना. छातीत जळजळतंय."

मी विचारलं, "भजी किती खाल्लीस?"

"मोजली नाहीत. सुरेखा वाढतच होती."

मी हसले. पर्समधून ॲसिडिटीची गोळी काढली. "चघळ. आणि आता पुरे."

गोळी तोंडात टाकलीस. जाता जाता डावा खांदा चोळलास. "हा पण दुखतोय जरा."

मी म्हटलं, "तिकिटाचं मशीन गळ्यात अडकवून उभा राहतोस दिवसभर, दुखणारच."

तू म्हणालास, "ते पण आहे," आणि परत लोकांत गेलास. मी टॉवेलला हात पुसले.

रघू, मी दर महिन्याला पाड्यापाड्यांवर जाऊन हेच शिकवते. छातीत जळजळ, घाम, डाव्या खांद्यात दुखणं. हाताने स्वतःच्या खांद्यावर दाखवते. बायकांकडून परत म्हणवून घेते. त्यांना पाठ आहे. आणि माझ्यासमोर तू उभा राहून एकेक करून सगळं सांगितलंस, आणि मी तुला भज्यांवरून बोलले.

बुधवारी सकाळी सहाच्या सुमाराला मंजूचा आवाज आला. हाक नव्हती, नुसता आवाज होता. मी धावले. तू युनिफॉर्मचा शर्ट घातलेला, दोन बटणं लावलेली, दाराशी बसल्यासारखा पडला होतास. मी तुला अंगणात ओढलं, छातीवर दाब द्यायला लागले. तीस मोजायचे, श्वास द्यायचा, परत तीस. मला ते येतं. ट्रेनिंगमध्ये बाहुलीवर करतात, मी चांगले मार्क मिळवले होते. देवजीकाका जीपवाल्याला उठवायला गेले. जीपमध्येही मी थांबले नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी माझा हात धरून बाजूला केला, तेव्हा मला कळलं की मी अजून मोजतेच आहे. त्यांनी वेळ लिहिली आणि विचारलं, "तुम्ही पत्नी का?" मी म्हटलं, शेजारीण.

तुला आणलं तेव्हा मोरेमामा रस्त्यावर उभे होते. सुट्टी घेऊन आले होते. तुझ्याकडे बघून त्यांनी एवढंच विचारलं, "हा काल माझ्याबरोबर जेवला. डब्यातली वांग्याची भाजी दिली मला याने. असं कसं?" ते सगळ्यांना हेच विचारत होते, एकेकाला धरून. कोणापाशी उत्तर नव्हतं. माझ्यापाशी होतं.

शनिवारी तलासरीच्या बाजूची एक म्हातारी आली, काठी टेकत. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. तीन दिवस दुसरा कंडक्टर दिसला म्हणून विचारत विचारत घरापर्यंत पोचली होती. अंगणात येऊन मंजूला म्हणाली, "बदली झाली काय त्याची? मला न सांगता गेला." मंजूने तिच्याकडे बघितलं आणि मान हलवली, हो म्हणाली. मला वाटतं तिलाही तेव्हा तसंच वाटून घ्यायचं होतं.

आणि मी सगळ्यांचा चहा गाळत होते, लोक म्हणत होते, "सिस्टर होत्या म्हणून, त्यांनी किती केलं." प्रत्येक वेळी वाटायचं, आता बोलावं. सहा दिवस मी बोलले नाही.

परवा मंगळवारी दुपारी मंजू एकटी होती. ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. मी समोर बसले आणि बसल्या बसल्याच सांगून टाकलं. जळजळ, गोळी, खांदा, मी काय म्हणाले ते शब्द न् शब्द. तिचा हात सुपात थांबला.

ती म्हणाली, "मला पण सांगितलं व्हतं. महिन्याभरात दोनदा. मी ओवा दिला."

मला क्षणभर बरं वाटलं. खरं सांगते, बरं वाटलं, आणि त्याची अजून लाज वाटते. कारण लगेच ती म्हणाली, "पण मला म्हायती नव्हतं. तुम्हाला म्हायती व्हतं."

मी हो म्हटलं.

"त्याला मी सांगितलं, ताईंना दाखव. तो म्हणायचा, ताई लगेच ड्युटी बंद करायला लावतील, घरी बसवतील. आणि शेवटी स्वतःहून आला तुमच्याकडे." मी उठायला लागले तर म्हणाली, "उठू नका. मी रागावू का नको ते मलाच कळत नाय. पण उठून जाऊ नका." मग तिने हात पुढे केला. "माझी नाडी बघा. मला पण धडधडतं."

आधीची मी असते तर म्हणाले असते, मंजू, दुःखाने होतं तसं. या वेळी नाही. नाडी मोजली, बीपी बघितलं, आणि म्हटलं, उद्या सकाळी डहाणूला जायचं. दहावा व्हायच्या आत बाई घराबाहेर कशी जाईल, असं एक-दोघी कुजबुजल्या. देवजीकाका ओरडले, "जाऊ द्या तिला! रघ्या गेला तो पुरे." मंजू म्हणाली, एसटीने नको. काकांनी रिक्षा आणून दारात उभी केली.

काल आम्ही गेलो. तिला टेबलावर झोपवलं, छातीवर, हातापायांना वायरी लावल्या. मशीनमधून कागदाची पट्टी सरसर बाहेर आली. डॉक्टरांनी बघितली, म्हणाले, "सगळं ठीक आहे. झोप नाही, जेवण नाही, त्यामुळे होतंय. काळजी करू नका." मंजू उठून बसली. पदर सावरला. मला विचारलं, "झालं?"

मी म्हटलं, झालं.

आम्ही बाहेर आलो. आवारात चिंचेखाली रिक्षा उभी होती. तिथपर्यंत ती नीट चालली. मग ती थांबली आणि तो कागद माझ्यासमोर धरून ओरडली, "एवढंच व्हतं? एवढंच? दुखलं पण नाय! झोपायचं न् उठायचं!" आणि तिने मला मारायला सुरुवात केली. दोन्ही मुठींनी, खांद्यावर, छातीवर, जिथे लागेल तिथे. रिक्षावाला धावत आला, मी त्याला हाताने थांबवलं. आठ दिवसांत ती पहिल्यांदा रडत होती. लोक जमले. मी उभी राहिले. हो, रघू. एवढंच होतं. मी जर रविवारी हात पुसता पुसता म्हणाले असते, चल, आत्ताच्या आत्ता चल, तर तू कुरकुरला असतास, कोंबडी घेऊनच रिक्षात बसला असतास, आणि डॉक्टरांना हसवलं असतंस.

माफी मागायची म्हणून मी हे लिहायला घेतलं. पण आता बघते तर ती द्यायची की नाही हे मंजूच्या हातात आहे, आणि तिला ठरवायला किती दिवस लागतील ते तिचं तिलाही माहीत नाही. समाजमंदिरात जे बोलले नाही ते मात्र उद्या दहाव्याला पाड्यासमोर सांगणार आहे. तू माझी चूक कशी झाकलीस ते, आणि मग माझी दुसरी चूक, तीही. देवजीकाकांना सांगून ठेवलंय, मला बोलायचंय. ते म्हणाले, बोला.

आज सकाळी तुमच्या दारात गेले. मंजू चुलीपाशी होती. काल घरी येताना ती एक शब्द बोलली नव्हती, त्यामुळे मी उंबऱ्याबाहेरच उभी राहिले. तिने मागे वळून बघितलं नाही. चुलीत लाकूड सारलं, आणि म्हणाली, "बसा."

मी बसले.